तांबडं फुटण्याआधी

१.
मुक्काम मोआब, यूटा. ऑक्टोबर संपत आलेला. पहाटे चारचा गजर. मोटेलच्या आवारात आणखी पाच गाड्यांचे दिवे लागले. सगळे एकाच ठिकाणी निघालेत, पण कोणी कोणाकडे पाहत नाही.

२.
कॅन्यनलँड्स नॅशनल पार्कातली मेसा आर्च. पार्किंगपासून चालत पंधरा मिनिटं. सूर्य साडेसातनंतर उगवणार. साडेपाचला पोचलो तर कमानीसमोर अकरा ट्रायपॉड उभे. बारावा माझा.

३.
'तांबडं फुटलं' असं आपण आभाळाकडे पाहून म्हणतो. इथे आभाळ आधी पांढुरकं झालं, मग पिवळसर. तांबडं फुटलं ते दगडाला.

४.
सूर्य वर आला की या कमानीचं पोट आतून पेटल्यासारखं दिसतं. ते ऊन थेट नसतं. किरण खालच्या कड्यावर पडतात आणि तिथून उसळलेला तांबूस उजेड कमानीला खालून लागतो. कॅलेंडरांवर कमान असते. कडा बहुतेक फोटोंत येतच नाही.

५.
"थोडं डावीकडे सरकता का?" तासाभरात चार वेळा ऐकलं. दोनदा मीच म्हणालो. कोणी सरकलं नाही.

६.
शेजारचे आजोबा नवव्यांदा आलेत. आधीच्या आठांपैकी तीनदा ढग होते.
"त्या तीन दिवसांचेच फोटो चांगले आलेत," म्हणाले.

७.
कॅमेऱ्याचा हिस्टोग्राम सांगत होता, सगळं ठीक आहे. तो तिन्ही रंगांचा मिळून हिशेब होता. लाल रंगाचा आलेख वेगळा उघडला तर उजव्या भिंतीला चिकटलेला. दगडाचे थर, भेगा, कण सगळे गेले, उरला गेरूचा सपाट पट्टा. एक्स्पोजर दोन पायऱ्या खाली आणलं.

८.
ऑटो व्हाइट बॅलन्सला इतका तांबडा उजेड ही चूक वाटते. तो ती दुरुस्त करतो.

९.
हा नवाहो वालुकाश्म. सुमारे एकोणीस कोटी वर्षांपूर्वी इथे वाळूच्या टेकड्या होत्या. दगडातल्या तिरक्या रेघा म्हणजे त्या टेकड्यांचे उतार. वारा कुठून वाहत होता ते त्यांवरून आजही सांगता येतं. तांबडा रंग कणांवर चढलेल्या लोहाच्या ऑक्साइडचा. थोडक्यात, गंज.

१०.
सह्याद्रीचा कातळ याच्यापुढे धाकटा, साडेसहा कोटींच्या आसपासचा. पण काळा. उजेड गिळून टाकतो. राजगडावर सूर्योदयाला मी कातळाकडे पाठ करून आभाळाचे फोटो काढत आलो. आज पहिल्यांदा आभाळ सोडून कातळाचे काढले.

११.
यूटातच कोडॅक्रोम बेसिन नावाचं खोरं आहे. नॅशनल जिऑग्राफिकची मंडळी १९४८मध्ये तिथे गेली, रंग पाहून थक्क झाली आणि आपल्या कॅमेऱ्यातल्या फिल्मचंच नाव त्याला देऊन आली. कोडॅकने ती फिल्म २००९मध्ये बंद केली. खोरं चालू आहे.

१२.
ॲरिझोना राज्य उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही. त्या राज्यातला नवाहो लोकांचा प्रदेश करतो. नवाहो प्रदेशाने वेढलेला होपी लोकांचा प्रदेश पुन्हा करत नाही. परवा दिवसभराच्या प्रवासात फोनने तीनदा वेळ बदलली. सूर्योदय किती वाजता, हे शेवटी पेट्रोल पंपावरच्या बाईंना विचारलं. "उजाडेल तेव्हा," म्हणाल्या.

१३.
ॲरिझोना-यूटा सीमेवर 'द वेव्ह' आहे. लाटांसारखा वळलेला वालुकाश्म. दिवसाला जास्तीत जास्त ६४ जणांना परवाना, तोही सोडतीने. म्हाडाच्या घरांची आठवण झाली. नंबर लागलाच तर पहाटे धावायचं कारण नाही. तिथे भर दुपारी सावल्या सरतात, तीच फोटोची चांगली वेळ.

१४.
वाटेच्या कडेला काळपट, खडबडीत माती दिसते. ती जिवंत आहे. सायनोबॅक्टेरिया, शेवाळ आणि दगडफूल यांनी मिळून विणलेली साय. तिच्यामुळे वाळू जागेवर राहते. एक पाऊल पडलं तर सावरायला कित्येक दशकं लागतात.
पाऊल टाकू नका सांगणाऱ्या पाटीच्या मागे, सायीवर, बुटाचा ठसा. शेजारी ट्रायपॉडची तीन भोकं.

१५.
२००० साली एका छायाचित्रकाराने डेलिकेट आर्चखाली आग पेटवली. शिबिरार्थींना रात्री कमान उजळून दाखवायची होती. दगडावर डाग पडले, खटला झाला.
यूटातल्या कितीतरी गाड्यांच्या नंबरप्लेटवर हीच कमान आहे.

१६.
शेजारच्या आर्चेस नॅशनल पार्कात दोन हजारांहून जास्त कमानी. त्यांतली वॉल आर्च ऑगस्ट २००८मध्ये पडली. रात्री.

१७.
टिमथी ओ'सलिव्हनने १८७३मध्ये कॅन्यन द शे इथल्या कड्याचा, त्याच्या कपारीतल्या जुन्या वस्तीसह फोटो काढला. काचेवर ओलं रसायन लावायचं, ते वाळायच्या आत फोटो घ्यायचा आणि तिथेच धुवायचा. १९४२मध्ये ॲन्सेल ॲडम्सने जवळजवळ त्याच जागेवरून तोच कडा टिपला. ते त्याच्या नंतर लक्षात आलं, असं त्याने लिहून ठेवलंय.
आम्ही बाराजण आधीपासून जाणून होतो.

१८.
थंडीने बॅटरी दगावली. दुसरी काखेत धरून गरम केली.

१९.
सूर्य आला. कमान पेटली. पाच-सहा मिनिटं कोणी बोललं नाही. शटरचा आवाज, दुसरं काही नाही.

२०.
आठ वाजून दहा मिनिटांनी सगळे ट्रायपॉड मिटले. आजोबा तेवढे बसून राहिले. कॅमेरा बॅगेत, हातात थर्मास.

२१.
परतताना एक कुटुंब कमानीकडे येत होतं. लहान मुलीने बापाला विचारलं, "हे कोणी पाडलं?"

२२.
एकूण ४१२ फोटो. त्यांतला कुठला माझा, ते रात्री बसून शोधायचं.

२३.
मोटेलच्या दाराबाहेर बूट झाडले. चमचाभर तांबडी वाळू निघाली.