डोल

शाळेच्या स्नेहसंमेलनात चौथीपासून सहावीपर्यंत तीन वर्षं मी कोळी झालो. डोक्यावर लाल टोपी, चौकड्यांच्या रुमालाचा सुरका, हातात पुठ्ठ्याचं वल्हं. गाणं दर वर्षी तेच, 'मी डोलकर'. आमच्या गावातल्या कित्येकांनी तोवर समुद्र पाहिलाही नव्हता, पण हे गाणं सगळ्यांना पाठ होतं. डोलकर म्हणजे लाटांवर डोलणारा, असं नाच बसवताना सांगितलं गेलं. ते इतकं पटण्यासारखं होतं की पुढची वीस वर्षं मी तसंच समजत राहिलो.

गाणं शांता शेळके यांचं. त्यांचा जन्म पुणे जिल्ह्यातल्या इंदापूरचा, म्हणजे त्याही देशावरच्याच. चाल हृदयनाथ मंगेशकरांची, आवाज लता मंगेशकर आणि हेमंतकुमारांचे. यांतलं कुणीही कोळीवाड्यात वाढलेलं नाही. हेमंतकुमार तर बंगाली. तरीही लग्नात, मिरवणुकीत, नारळी पौर्णिमेला कोळीवाड्यातली माणसं या गाण्यावर आपलं म्हणून नाचतात. मला याचं नवल वाटत आलं आहे, आणि आदरही. वल्हं मारताना अंगाला जी ओढ बसते, ती त्या चालीत कुठेतरी नक्की उतरली आहे. मात्र एका गाण्यापुरताच कोळी ओळखून आम्ही बाकीचे थांबलो.

मी नोकरीसाठी मुंबईत आलो आणि वेसाव्याचा एक मित्र मिळाला. पहिल्यांदा त्याच्या घरी गेलो तेव्हा बांबूंवर आडव्या बांधलेल्या दोऱ्यांना बोंबील जबड्यात जबडा अडकवून वाळत घातले होते. त्याचे वडील दारात जाळं विणत बसले होते. मी हौसेनं म्हणालो, ''काका, म्हणजे तुम्ही डोलकर!'' ''हा, डोलकर,'' ते म्हणाले, आणि मांडीवरचं जाळं वर उचलून धरलं. ''ही डोल.''

डोल हे जाळ्याचं नाव आहे. पिशवीसारखं लांबलचक जाळं, तोंडाशी घराएवढं रुंद आणि शेवटाकडे निमुळतं होत गेलेलं. त्या शेवटच्या भागाला खोळा म्हणतात, मासळी साठते ती तिथे. हे जाळं माशांच्या मागे धावत नाही. समुद्रात रोवलेल्या खुंटांना बांधून त्याचं तोंड प्रवाहाकडे करून ठेवायचं. भरतीचं किंवा सुकतीचं पाणी जोरात वाहू लागलं की बोंबील, जवळा, मांदेली त्याबरोबर आत ओढली जातात. पाणी थबकलं की खोळा वर घ्यायचा. ते थबकणं थोडाच वेळ टिकतं, मग पाणी उलटं फिरतं. म्हणून अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाचे दिवस डोलकराचे, आणि मधले भांगाचे दिवस, पाण्याला जोर नसल्यानं, जाळी शिवायचे. ''जालं आमी लावतो,'' काका म्हणाले, ''भरतं ते पानी.''

त्या रात्री घरी येऊन मी गाणं पुन्हा ऐकलं. इतकी वर्षं ज्या शब्दावर मान हलवली, त्याच्या पोटात चंद्राच्या कलांचं आख्खं गणित होतं. गाण्यानं ते लपवलं नव्हतं. डोलकर हा शब्द त्यानं जसाच्या तसा ठेवला होता. अर्थ विचारायला कुणी गेलं नव्हतं, मीसुद्धा. लोकप्रिय गाण्यावर मी याहून मोठा आरोप करणार नाही. ते शब्द जपतं. पण शब्दामागचं काम जपायला किनारा लागतो, वाळवणाची जागा लागते, होडी बाहेर काढायला वाट लागते. वरळीच्या कोळ्यांना या वाटेसाठी झगडावं लागलं. सागरी किनारा मार्गाच्या पुलाखालून त्यांच्या होड्या जायच्या होत्या आणि दोन खांबांमधलं अंतर ठरलं होतं ६० मीटर. त्यांनी १६० मागितलं, अखेर १२० मीटरवर तडजोड झाली. त्या दिवसांत बातम्या वाचताना सारखं वाटायचं, ज्याला आपण स्टेजवर दर्याचा राजा म्हणतो, त्याला आपल्याच दर्यात शिरायला अर्ज करावा लागतो.

पुढे मित्राच्या बहिणीच्या हळदीला गेलो. दुपारी आतल्या खोलीत धवलारीण धवले, म्हणजे लग्नविधीची गाणी, गात होती. संथ, एकाच उंचीवरचा सूर. सोबतीला वाद्य नाही. नवरीची आई ऐकता ऐकता रडत होती. त्यातले निम्मे शब्द मला कळले नाहीत, आणि या खेपेला मी शेजारच्या मावशींना एकेक विचारत राहिलो. त्याही न कंटाळता सांगत राहिल्या.

रात्री ब्रास बँड आला. ट्रम्पेटवर 'मी डोलकर' सुरू झालं तशी आख्खी आळी उठली. काका मध्यभागी, दोन्ही हात वर, डोळे मिटलेले. मीही त्यांच्या शेजारी नाचत होतो. पौर्णिमा एका दिवसावर आली होती. एक कडवं संपलं, दुसरं सुरू झालं, आणि काकांनी डोळे उघडून मुलाच्या मनगटावरचं घड्याळ पाहिलं. मग हळद लागलेला सदरा काढून खुर्चीवर ठेवला, दारामागची कंदीलवजा बॅटरी घेतली आणि दोन खलाशांना खुणेनं बोलावलं. बँड वाजत होता. ते तिघे गर्दीच्या कडेनं बंदराकडे उतरत गेले. पाणी फिरायला तासभर उरला होता.