बुडाखालची सहा अक्षरे

लिलावगृहांच्या सूचीपत्रांचा एक वाङ्मयप्रकार म्हणून अभ्यास व्हावा, असे आम्ही म्हटले तर मराठी विभागातील आमचे सहकारी हसतील, हे आम्हांस ठाऊक आहे. तरीही तसे म्हणण्यास सबळ कारण आहे. त्या सूचीपत्रातील नोंद पाचसहा ओळींची असते, पण तिच्यातील प्रत्येक शब्द मोजून मापून टाकलेला असतो. चिनी मातीच्या एखाद्या वाडग्याविषयी ‘छंगह्वा मुद्रा आणि काळ’ असे छापले असेल, तर वाडगा खरोखरच इ. स. १४६५ ते १४८७ या राजवटीतला आहे, असे लिलावगृहाचे मत आहे. नुसतेच ‘छंगह्वा मुद्रा’ छापले असेल, तर बुडाखाली त्या राजवटीचे नाव तेवढे आहे. वाडगा दोनशे वर्षांनंतरचा असेल किंवा गेल्या शतकातलाही असेल. ‘आणि काळ’ या दोन शब्दांच्या अंतरात किमतीची काही शून्ये मावतात. शब्दाला एवढे वजन असलेले गद्य आपल्या समीक्षाग्रंथांतही क्वचितच आढळते.

आम्ही दोघेही मराठीचे अध्यापन करतो आणि गेली काही वर्षे ही सूचीपत्रे वाचतो. वाचतो, असेच म्हणावे लागेल. कारण प्राध्यापकाच्या वेतनात बोली लावण्याचे प्रसंग थोडेच येतात. परंतु लिलावापूर्वीचे दोनतीन दिवस वस्तू पाहण्यासाठी खुल्या असतात आणि तेथे कोणालाही जाता येते. संग्रहालयात काचेआड असलेली वस्तू तेथे हातात घेता येते. ती उलटी करून तिचे बूड पाहणे हा तर तिथला रिवाजच आहे. सगळी माणसे नक्षीकडे पाठ फिरवून बुडे न्याहाळत आहेत, हे दृश्य नवख्या माणसाला विनोदी वाटते. पण बुडाची कड झिलईविना राहिलेली असते; मातीचा मूळ रंग, तिचे पोत, भट्टीतल्या वाळूचे कण तेथेच दिसतात. आणि तेथेच बहुधा निळ्या रंगात सहा अक्षरे असतात : थोर मिंग वंशाच्या अमुक राजवटीत घडविले, एवढाच त्यांचा अर्थ.

ही सहा अक्षरे पाहिली की आम्हांस अनिवारपणे आठवते ती अभंगाच्या अखेरची नाममुद्रा. सतराव्या-अठराव्या शतकांत, कांगशी सम्राटाच्या कारकिर्दीत, जिंगदेझेनच्या कुंभारांनी आपल्या उत्तम भांड्यांवर दोनशे वर्षांपूर्वीच्या छंगह्वा राजवटीची मुद्रा सर्रास घातली. ती प्रत्येक वेळी फसवणूक होती असे नव्हे. पूर्वसूरींचे ऋण मानण्याची, आपण कोणत्या परंपरेत उभे आहोत हे सांगण्याची ती एक रीत होती. आपल्याकडेही ‘नामा’ ही मुद्रा केवळ एका कवीची राहिली नाही. सोळाव्या शतकातील विष्णुदास नामा याच्या रचना नामदेवांच्या गाथेत मिसळल्या आणि त्या निवडून काढताना संशोधकांची कित्येक वर्षे गेली. गाथेच्या संपादकाला आणि सूचीपत्र लिहिणाऱ्या जाणकाराला पडणारा प्रश्न एकच आहे : ही मुद्रा स्वाक्षरी आहे, की नमस्कार?

आणि एवढे जाणकार असूनही वाचनात मतभेद होतातच. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये फ्रान्समध्ये फोंतेनब्लो येथील लिलावात एक निळापांढरा चिनी कलश आला. तज्ज्ञाने तो विसाव्या शतकातला ठरविला होता आणि किंमत दीड ते दोन हजार युरो धरली होती. बोली थांबली ती ७७ लाख युरोंवर. तज्ज्ञ आपल्या मतावर ठाम राहिला. बोली लावणाऱ्यांनी मात्र त्या कलशात अठरावे शतक वाचले होते. एकाच संहितेच्या दोन वाचनांतला फरक इतक्या रोकड्या स्वरूपात साहित्याच्या वर्गात कधी मांडता येत नाही!

याच संदर्भात ज्या संग्राहकाचा विचार आम्ही पुनःपुन्हा करतो, तो आपल्या मुंबईचाच. सर पर्सिव्हल डेव्हिड यांचा जन्म १८९२ साली मुंबईतील एका श्रीमंत बगदादी ज्यू घराण्यात झाला. त्यांनी जमविलेली चिनी मातीची भांडी सुमारे १,७०० आहेत. पण आम्हांस त्यांचे मोल वाटते ते या संख्येमुळे नव्हे. हा माणूस चिनी भाषा शिकला. वस्तूंची पारख कशी करावी हे सांगणाऱ्या चौदाव्या शतकातील एका चिनी ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर त्याने केले. ते त्याच्या मृत्यूनंतर, १९७१ मध्ये प्रसिद्ध झाले. भांड्यांवरील लेख तो वाचू शकत होता, म्हणूनच अक्षरे असलेली भांडी त्याने हेरून मिळविली.

त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध म्हणजे सुमारे ६३ सेंटीमीटर उंचीचे, गजमुखी कानांचे, अंगावर ड्रॅगन मिरविणारे दोन कलश. त्यांच्या मानेवर एक लेख आहे. जांग वनजिन नावाच्या भक्ताने आपल्या कुटुंबाच्या क्षेमकुशलासाठी हे कलश, एका धूपपात्रासह, मंदिराला अर्पण केले, असे त्यात म्हटले आहे आणि साल दिले आहे : आपल्या गणनेने १३५१. हे दोन कलश डेव्हिड यांना दोन वेगळ्या ठिकाणांहून मिळाले. एक माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन या संग्राहकाकडून (हा मुंबईचा गव्हर्नर नव्हे, त्याच्यानंतरच्या काळातला त्याच नावाचा गृहस्थ), तर दुसरा १९३५ च्या एका लिलावात. सहा शतकांपूर्वीची जोडी अशी पुन्हा जुळली. धूपपात्र मात्र अद्याप सापडलेले नाही. युआन काळातील निळ्यापांढऱ्या भांड्यांना अभ्यासक पूर्वी स्वतंत्रपणे ओळखत नव्हते. जॉन पोप या अमेरिकी अभ्यासकाने १९५० च्या दशकात या कलशांना प्रमाण मानून इस्तंबूल आणि इराणमधील संग्रहांतून त्यांची भावंडे शोधून काढली. ज्ञानेश्वरीच्या अखेरीस आलेल्या शके १२१२ या उल्लेखाने यादवकालीन मराठीच्या अभ्यासाला जसा आधार दिला, तसाच हा आधार. एका अनाम कारागिराने मानेवर साल घातले नसते, तर एक अख्खे शतक वेगळे ओळखू आले नसते.

डेव्हिड यांनी १९५० मध्ये आपला संग्रह लंडन विद्यापीठाच्या स्वाधीन केला. २००९ पासून तो ब्रिटिश म्युझियममध्ये मांडलेला आहे आणि २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये कायमचा त्याला दिल्याचे जाहीर झाले. त्या वेळी त्याची किंमत एक अब्ज पौंडांच्या घरात सांगण्यात आली.

इथवरची कथा आनंदाने सांगावी अशी आहे. परंतु सूचीपत्रातील आणखी एक भाग आहे, तो वाचताना आमचा स्वर बदलतो. तो म्हणजे मालकीची वंशावळ : वस्तू कोणाकडून कोणाकडे गेली याची यादी. डेव्हिड यांच्या संग्रहातील काही भांडी चिनी राजघराण्याने पेकिंगच्या एका बँकेत तारण ठेवलेल्यांपैकी होती. पडत्या काळातल्या घराचा हा व्यवहार निदान कागदावर तरी दिसतो. १८६० चे तसे नाही. त्या ऑक्टोबरमध्ये इंग्रज व फ्रेंच फौजांनी पेकिंगजवळचा युआनमिंगयुआन हा राजप्रासाद लुटला आणि इंग्रजांनी पुढे तो जाळला. त्या इंग्रजी फौजेत हिंदी पलटणीही होत्या. इंग्रज सेनापतीने अधिकाऱ्यांकडची लूट गोळा करून तिचा जागेवरच लिलाव पुकारला आणि आलेला पैसा सैनिकांना वाटला. म्हणजे आदल्या दिवशी जी लूट होती, ती दुसऱ्या दिवशी पावतीसह विकत घेतलेली मालमत्ता झाली! पेशवाईच्या अखेरीस मिळालेल्या लुटीच्या वाटपावरून इंग्रजांत वर्षानुवर्षे चाललेला ‘डेक्कन प्राइझ मनी’चा तंटा ज्यांनी वाचला आहे, त्यांना ही रीत अपरिचित वाटणार नाही. लिलावाचा हातोडा वस्तूची किंमत ठरवितो, त्याचबरोबर तिचा भूतकाळही धुऊन काढू शकतो.

२००९ मध्ये याच प्रासादातील कारंज्यावरची उंदीर आणि ससा यांची काशाची मस्तके पॅरिसमध्ये लिलावास निघाली. चिनी संग्राहक त्साय मिंगछाओ याने सर्वांत मोठी बोली लावली आणि मग पैसे देण्यास सपशेल नकार दिला. २०१३ मध्ये ती मस्तके चीनला भेट म्हणून परत मिळाली. २०२५ च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्र शासनाने रघुजी भोसले यांची तलवार लंडनच्या लिलावातून सुमारे ४७ लाख रुपयांना घेतली, तेव्हा आपल्याकडे आनंद झाला, आम्हांसही झाला. पण त्या आनंदात एक बोच होती : आपल्याच इतिहासाच्या वस्तूसाठी आपण रांगेत उभे राहून बोली लावावी?

आता थोडे आमच्याविषयी. काही वर्षांपूर्वी नातेवाइकांकडे इंग्लंडात मुक्कामी असताना तेथील एका छोट्या लिलावगृहात थायलंडमधील बान चियांगचे एक मडके आम्ही पाहिले. भाजक्या मातीवर तांबड्या रंगाची वळणदार नक्षी, ख्रिस्तपूर्व काळातली. आरंभीची बोली आम्हांस झेपेल इतकी होती. ते हातात घेतल्यावर बोटांना नक्षीच्या रेषांचा किंचित उंचवटा लागला आणि आम्ही दोघेही बराच वेळ बोललो नाही. सूचीत मालकीपुढे ‘एका युरोपीय खाजगी संग्रहातून’ एवढेच होते. बान चियांगच्या गावकऱ्यांनी १९६० च्या दशकापासून घरांच्या खाली खणून थडग्यांतली मडकी व्यापाऱ्यांना विकली, हा इतिहास आम्ही वाचलेला होता. १९६१ च्या थाई कायद्यानुसार परवान्याविना ती देशाबाहेर नेता येत नाहीत. मडके थायलंडमधून केव्हा निघाले, असे आम्ही लिहून विचारले. कागद नाहीत, असे सौजन्यपूर्ण उत्तर आले. आम्ही बोली लावली नाही. मडके अर्थातच विकले गेले. आमच्या न घेण्याने त्याचे गाव त्याला परत मिळाले नाही, हे आम्ही जाणतो. आणि ते मडके आजही आम्हांस हवेसे वाटते, हेही खरे आहे.

आमच्याकडे आहे ती एक निळीपांढरी बशी. १८२२ मध्ये बुडालेल्या ‘टेक सिंग’ या चिनी गलबतातून ती १९९९ मध्ये वर आली आणि स्टुटगार्टच्या लिलावात २००० साली साडेतीन लाख नगांच्या ढिगात विकली गेली. बुडाला लिलावाची चिठ्ठी चिकटलेली आहे. वंशावळ अशी चोख की, तीत एकही गाळलेली जागा नाही. पण त्या गलबतासोबत दीड हजारांहून अधिक माणसे बुडाली आणि भांडी वर काढणाऱ्यांचे लक्ष गलबताच्या अभ्यासाकडे नव्हते, विक्रीकडे होते, हा पुरातत्त्वज्ञांचा आक्षेप रास्त आहे. चोख कागद म्हणजे निर्दोष वस्तू नव्हे, हे ती बशी आम्हांस रोज सांगते.

पाठचिकित्सा शिकविताना आम्ही विद्यार्थ्यांना सांगतो, की हस्तलिखितात जेथे पान गहाळ आहे, तेथे ते गहाळ आहे असे प्रामाणिकपणे नोंदवावे; आपल्या मनाचे पद्य रचून ती जागा भरू नये. संग्राहकालाही हेच पथ्य लागू आहे. प्रेम आहे म्हणून वंशावळीतली रिकामी जागा सद्भावनेने भरून काढणे सोपे असते आणि लिलावाचा सारा व्यवहार त्या सद्भावनेवर चालतो. बुडाखालची सहा अक्षरे वाचायला वर्षदोन वर्षांत शिकता येते. जे लिहिलेले नाही, ते तसेच कोरे वाचायला त्याहून अधिक काळ लागतो. निदान आम्हांस तरी तो लागतो आहे.