एका दिव्याची गाडी



आज एक स्वतःचा अनुभव सांगते. यात थोडं विज्ञान आहे, थोडी माझी फजिती आहे आणि शेवटी तुमच्यासाठी छोटासा गृहपाठही आहे.

मी मुळशी तालुक्यात प्राथमिक शिक्षिका आहे. राहते पौडला आणि शाळा आहे ताम्हिणीच्या बाजूला. इकडचा पाऊस तुम्हाला ठाऊकच असेल. जुलैत धुकं उतरलं की भर दुपारी गाडीचे दिवे लावावे लागतात.

गेल्या पावसाळ्यात शाळेतलं काम लांबलं आणि निघायला अंधार पडला. सोबत शाळेतल्याच दुसऱ्या बाई होत्या. धरणाच्या कडेकडेने हळू चालले होते. एका वळणावर समोरून टेम्पो आला आणि सरळ माझ्याच अंगावर! मी गाडी डावीकडे दाबली, त्याने करकचून ब्रेक मारला. दोन्ही गाड्यांमध्ये हातभर अंतर राहिलं असेल. टेम्पोवाल्या दादांनी काच खाली केली आणि म्हणाले, "ताई, तुमचा एकच दिवा चालू आहे. मला वाटलं मोटारसायकल आहे!"

मी खाली उतरून पाहिलं. माझ्या बाजूचा, म्हणजे उजवा दिवा बंद होता. आता विचार करा. आपण डावीकडून गाडी चालवतो. उजवा दिवा गेला की समोरच्याला फक्त डावा दिवा दिसतो, तोही रस्त्याच्या कडेला. त्याला वाटतं, दुचाकी आहे, शेजारून जाऊ. आणि ज्या जागेला तो मोकळी समजतो, नेमक्या तिथेच आपण बसलेलो असतो!

दिवा कधी गेला हे मला माहीतच नव्हतं. एका दिव्यावर रस्ता दिसत होता, म्हणून लक्ष गेलं नाही. आपल्याला रस्ता दिसतो, पण आपण दुसऱ्याला दिसतो का, हे मी कधी तपासलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रविवार. ओळखीचं गॅरेज बंद. सोमवारी पुन्हा तोच रस्ता. मग ठरवलं, आपणच बसवू. गाडीसोबत मिळालेलं पुस्तक पहिल्यांदाच उघडलं. त्यात बल्बचा प्रकार लिहिला होता, एच-४, १२ व्होल्ट, ६०/५५ वॅट. या बल्बमध्ये दोन तारा असतात. अप्परची ६० वॅटची आणि डिपरची ५५ वॅटची. माझी डिपरची तार तुटली होती.

पिरंगुटच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाले, "मॅडम, १००/९० चा टाका, जास्त उजेड पडेल." क्षणभर मोह झाला. पण वॅट भागिले व्होल्ट हे गणित डी.एड.ला केलं होतं. ६० वॅटला ५ अँपिअर वीज लागते, १०० वॅटला ८ च्या वर. गाडीतली वायर आणि होल्डर तेवढ्यासाठी बनवलेले नसतात. ते तापतात, वितळतात. शिवाय समोरच्याचे डोळे दिपतात ते वेगळंच. मी ६०/५५ चेच दोन घेतले. दोन अशासाठी, की दोन्ही बल्ब सारखेच वापरलेले असतात. एक गेला की दुसराही फार दिवस टिकत नाही.

अंगणात गाडी लावली. सासूबाई बॅटरी घेऊन उभ्या राहिल्या. आमचा क्रम असा होता :

१. इंजिन आणि दिवे बंद करून किल्ली काढली. बल्ब गार होऊ दिला.
२. बॉनेट उघडून दिव्याच्या मागचा तीन पिनांचा कनेक्टर सरळ मागे ओढला. वायर धरून ओढायचं नाही.
३. रबराचं टोपण काढलं.
४. स्प्रिंगची क्लिप दाबून बाजूला केली आणि जुना बल्ब बाहेर घेतला.
५. नवा बल्ब बसवला. त्याच्या कडेला तीन कान असतात, ते खाचेत बसले की बल्ब बरोबर बसतो. जोर लावावा लागला तर समजा, काहीतरी चुकतंय.
६. क्लिप, टोपण, कनेक्टर उलट्या क्रमाने लावले.

पाचव्या पायरीला माझी फजिती झाली. मी बल्ब काचेला धरून उचलला. आई म्हणाल्या, "अगं, त्या पुस्तकात हाताचं चित्र काढून फुली मारली आहे ना?" खरंच होती! कारण ऐका. दिवा लागला की टंगस्टनच्या तारेतून धातूचे कण सुटतात. बल्बमध्ये आयोडीन किंवा ब्रोमीनसारखा हॅलोजन असतो, तो ते कण पुन्हा तारेकडे पोचवतो. त्यासाठी काच खूप तापलेली लागते, अडीचशे अंश सेल्सिअसच्याही वर. बोटाचं तेल काचेला लागलं की ते तिथेच भाजतं, तेवढी जागा जास्त तापते आणि काच तिथे कमजोर होते. मी स्पिरिटच्या स्वच्छ फडक्याने काच पुसली, सुकू दिली आणि मग बल्ब बसवला.

दिवे लावले. भिंतीवर दोन्ही उजेड शेजारी शेजारी पडले. आई म्हणाल्या, "झालं की! एवढ्यासाठी गॅरेजला जात होतीस?"

सोमवारी जुना बल्ब वर्गात नेला. मुलांनी तुटलेली तार पाहिली. धुक्यात अप्पर का लावायचा नाही, हेही बोललो. पाण्याच्या थेंबांवरून उजेड उलटा आपल्याच डोळ्यांत येतो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. तेवढ्यात मागून एकजण म्हणाला, "बाई, आमच्या पप्पांच्या टेम्पोचापण एकच दिवा लागतो."

"कधीपासून रे?"

"शिमग्यापासून."

वर्ग हसला. मला मात्र ते वळण आठवलं. त्याला म्हटलं, आज घरी गेल्यावर आधी हेच सांग. दोन दिवसांनी तो धावतच आला. "बाई, पप्पांनी नवीन बसवला. मी त्यांना काचेला हात लावू दिला नाही!"

त्या दिवशी परिसर अभ्यासाचा एक पाठ खऱ्या अर्थाने पूर्ण झाला असं वाटलं.

आता तुमचा गृहपाठ. आज रात्री गाडी भिंतीसमोर उभी करा. डिपर लावा, अप्पर लावा, दोन्हीकडचा उजेड मोजा. मागचे दिवे घरातल्या कुणाला तरी पाहायला सांगा. काही नव्या गाड्यांत एलईडी दिवे असतात, काहींमध्ये बल्बपर्यंत हात पोचत नाही. तिथे मेकॅनिककडेच जा. पण जा नक्की, उद्यावर ढकलू नका.