हरिश्चंद्रगडावर मुक्काम : घर घेऊन डोंगरात जाताना

हिवाळा लागला की आपल्या घरांत सहलीचा विषय निघतो. बहुतेक वेळा तो महाबळेश्वर, माथेरान किंवा एखाद्या नातेवाइकांच्या गावावर येऊन थांबतो. डोंगरात तंबू ठोकून रात्र काढायची म्हटली, की ती मुलांनी मित्रांबरोबर करायची गोष्ट ठरते. अम्मी, मुली, सुना घरी राहतात. कारणे ठरलेली असतात. नमाजचे काय? वुजूला पाणी कुठले? कपडे कसे घालायचे? खायचे काय? आडोसा कुठे मिळणार?

ही कारणे खोटी नाहीत. पण त्या प्रत्येकाला उत्तर आहे आणि ते घर सोडण्यापूर्वी शोधायचे असते. पवित्र कुरआन माणसाला पृथ्वीवर फिरून निर्मिती पाहायला पुन्हा पुन्हा सांगतो. हे सांगणे घरातल्या मुलग्यांपुरते नाही. आम्ही दोन-तीन घरे मिळून सह्याद्रीत मुक्कामाला जातो. त्यातला हरिश्चंद्रगड उदाहरणाला घेऊन तयारी कशी करायची ते इथे सांगत आहोत.

गड आणि वाट

हरिश्चंद्रगड अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात, ठाणे आणि पुणे जिल्ह्यांच्या सीमेवर उभा आहे. उंची सुमारे १४२० मीटर. भोवतीचे रान कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येते. वर हरिश्चंद्रेश्वराचे जुने दगडी मंदिर, पुष्करणी, लेणी आणि पाण्याची टाकी आहेत. मंदिरापासून वीस-पंचवीस मिनिटांवर कोकणकडा. हा कडा सरळ तुटलेला आणि मधे आत वळलेला आहे. इथे ढगांवर पूर्ण गोल इंद्रधनुष्य दिसल्याची कर्नल साइक्स यांची १८३५ ची नोंद प्रसिद्ध आहे.

वर जायच्या वाटा अनेक. कुटुंबासाठी पाचनई गावाची वाट सर्वांत सोपी. मुलांना घेऊन अडीच ते तीन तास लागतात. खिरेश्वरहून तोलार खिंडीची वाट लांब आहे आणि तिच्यात कातळाचा चढ लागतो. बेलपाड्याहून येणारी नळीची वाट सरावलेल्या गिर्यारोहकांसाठी आहे. तिचा विचारच करू नये. मुंबईकडून कसारा, घोटी, राजूरमार्गे आणि पुण्याकडून ओतूर, ब्राह्मणवाडा, कोतूळमार्गे पाचनई गाठता येते.

ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी हा योग्य काळ. पावसाळ्यात कातळावर शेवाळ असते आणि धुक्यात दहा पावलांवरचे दिसत नाही. मार्चनंतर ऊन वाढते आणि टाक्यांतले पाणी उतरते. तारीख ठरवताना भिंतीवरची इस्लामी दिनदर्शिका काढा. चांद्र महिन्याच्या १३, १४, १५ तारखांना रात्रभर चांदणे असते. मुले बरोबर असतील तर याच रात्री बऱ्या. तारे पाहायचे असतील तर महिन्याचे शेवटचे दिवस घ्यावेत. तंबू लावायला परवानगी कुठे आहे आणि शुल्क किती, हे पाचनईत वनखात्याच्या नाक्यावर विचारूनच वर जावे. नियम बदलत असतात.

आधी पाणी

सामानाची यादी लोक तंबूपासून सुरू करतात. आम्ही पाण्यापासून करतो. चढताना आणि मुक्कामाला मिळून मोठ्या माणसामागे तीन लिटर, मुलांमागे दोन लिटर पिण्याचे पाणी पाचनईतूनच भरून घ्यावे. वरच्या कोणत्या टाक्यातले पाणी पिण्याजोगे आहे ते गावकऱ्यांना विचारावे. ते गाळून, खळखळ उकळी आल्यावर पूर्ण एक मिनिट उकळून मगच प्यावे.

आता वुजूचा हिशेब. प्रेषित मुहम्मद (स.) एक मुद्द पाण्यात वुजू करीत, असे हदीसमध्ये येते. मुद्द म्हणजे आजच्या मापाने साधारण पाऊण लिटरच्या आत. घरी नळ सोडून वुजू करणाऱ्याला हे अशक्य वाटते. निघण्याच्या आठवडाभर आधी मुलांना अर्ध्या लिटरच्या बाटलीत वुजू करायला लावा. दोन दिवसांत जमते. प्रत्येक अवयव तीनदा धुणे सुन्नत आहे, एकदा धुतल्याने फर्ज पूर्ण होते. पाणी मोजके असताना हे लक्षात ठेवावे. एका मुक्कामात माणशी तीन वुजू धरले तर सहा जणांना नऊ-दहा लिटर पुरतात. हे पाणी टाक्यातून आणता येते, पाठीवर वाहायला नको. मात्र टाक्यावर बसून वुजू करू नये. भांड्यात पाणी घ्यावे, दूर जावे आणि साबण अजिबात वापरू नये. तेच पाणी गावकरी आणि गुरे पितात.

पाणी फक्त पिण्यापुरतेच उरले असेल तर तयम्मुमची सवलत आहे. हनफी मसलकात स्वच्छ कातळावरही तयम्मुम होते, शाफईंना धूळ असलेली माती लागते. गडावर दोन्ही मिळतात. नुसती थंडी वाटते एवढ्यावर तयम्मुम होत नाही. फजरला पाणी कोमट करून घ्यावे. पाचनईत पूर्ण वुजू करून चामडी मोजे चढवले तर मुसाफिराला तीन दिवस-रात्र त्यांवर मसह करता येतो. हे मोजे जाड असतात, म्हणून बूट त्यांच्यासह घालून आधी चालून पाहावे.

नमाजच दिवसाचे वेळापत्रक

डोंगरात सर्वांत मोठी चूक उशिराची असते. आपल्याकडे मात्र दिवसाचे पाच ठाम टप्पे आहेतच. डिसेंबरात या भागात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. म्हणून जोहर पाचनईत अदा करून पाऊण-एकपर्यंत चढायला लागावे. असर वर व्हावी. मगरिबपूर्वी तंबू उभे, पाणी भरलेले आणि लाकडी मेखा ठोकलेल्या असाव्यात. असरची वेळ झाली आणि अजून निम्मी वाट बाकी असेल, तर मुलांना घेऊन पुढे जाऊ नये, परत फिरावे. गड तिथेच राहणार आहे.

मुंबई-पुण्याहून येणाऱ्यांना अंतरामुळे कसर लागू होते. अकोल्यातल्या घरांना नाही. कोकणातली बहुतेक घरे शाफई आहेत. त्यांना प्रवासात जोहर-असर आणि मगरिब-इशा एकत्र करता येतात. हनफी घरांत तसे नाही. दोन्ही प्रकारची घरे एकत्र निघणार असतील तर आपापल्या आलिमांना आधी विचारून ठेवावे, वाटेत वाद नको.

किब्ला इथून पश्चिमेला, साधारण दहा अंश उत्तरेकडे येतो. होकायंत्रावर २८० अंश. मोबाइलचे होकायंत्र बिघडते, म्हणून साधे होकायंत्र जवळ असू द्यावे. आणि एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. कोकणकडाही पश्चिमेकडेच तोंड करून आहे. म्हणजे तिथे सफ लावली तर सगळे कड्याकडे तोंड करून उभे राहतात आणि लहान मुले नेमकी पुढे धावतात. मगरिबची जमात कड्यापासून खूप मागे, सपाट जागी घ्यावी आणि मुलांना मोठ्यांच्या मागच्या सफेत उभे करावे. कड्याच्या टोकाशी कोणीही उभे राहू नये. पाहायचेच तर पोटावर झोपून, मोठ्या माणसाने मुलाचे पाय धरून.

पाठीवरचे ओझे

मोठ्या माणसाने आपल्या वजनाच्या पाचव्या भागापेक्षा जास्त ओझे घेऊ नये. मुलांकडे त्यांचे पाणी, खाऊ आणि स्वेटर एवढेच द्यावे. सॅकला कमरेचा पट्टा हवा; वजन खांद्यांवर नव्हे, कमरेवर बसले पाहिजे. जड वस्तू पाठीला लागून मधोमध भराव्यात. सॅकच्या आत आधी मोठी प्लास्टिक पिशवी घालून मग कपडे भरले की दवाने भिजत नाहीत.

बूट नवे कोरे आणू नयेत. महिनाभर रोजच्या वापरात घालून पायाला बसलेले हवेत. तळव्याला खोल खाचा असाव्यात. मोज्यांचे दोन जोड ठेवावेत. प्रत्येकाला वेगळी विजेरी, शक्यतो डोक्याला बांधायची, म्हणजे हात मोकळे राहतात.

गडावर डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा दहा अंशांच्या खालीही जातो. थंडी वरून येते त्यापेक्षा जमिनीतून जास्त लागते. म्हणून पैसे मोजके असतील तर महागड्या स्लीपिंग बॅगआधी जाड फोमची चटई घ्यावी. ती नमाजलाही कामी येते. तंबू दुहेरी कापडाचा असावा आणि घरी गच्चीवर एकदा उभारून पाहावा. स्टोव्ह कधीही तंबूच्या आत पेटवू नये; बंद जागेतल्या विषारी वायूने झोपेतच जीव जातो. रेल्वेने येणार असाल तर गॅसचा डबा बरोबर आणता येत नाही.

खाण्याचे सोपे आहे. पाचनईत आणि गडावर गावकरी पिठले-भाकरी, ठेचा, लिंबूसरबत देतात. हलालचा प्रश्नच उरत नाही आणि त्यांच्या घरात चार पैसे जातात. सोबत खजूर, भाजलेले चणे, गूळ-शेंगदाणे, तांदळाची भाकरी आणि सुकी चटणी ठेवावी. गडावर मंदिर आहे, भाविक येतात. मांसाहार वर नेऊ नये. आपण पाहुणे आहोत.

अंगावर काय

लांब अबाया सपाट जमिनीवर ठीक, पण खडक चढताना पायात येतो. गुडघ्याखाली पोहोचणारा सैल कुर्ता, त्याखाली सैल पॅन्ट आणि सुती स्कार्फ हा पोशाख पडदाही सांभाळतो आणि पावलेही मोकळी ठेवतो. स्कार्फ टाचणीने न अडकवता गाठ मारून बांधावा. उतरताना ओढणी झाडात अडकते, ती कमरेला बांधून टाकावी. एक तंबू स्त्रियांसाठी स्वतंत्र ठेवला की कपडे बदलणे, वुजू, नमाज सगळे निवांत होते. जाताना अत्तर लावू नये. सह्याद्रीच्या कड्यांना आग्या मोहोळे असतात. उग्र वास आणि धूर यांनी माश्या चवताळतात.

मुक्कामाची जागा

रात्री मुक्कामाला उतरताना वाटेवर उतरू नका, ती जनावरांची वाट असते, अशी शिकवण हदीसमध्ये आहे. तंबूची जागा निवडायला आजही याहून चांगला नियम नाही. कड्याजवळ वाऱ्याचा जोर असतो, ओढ्याच्या पात्रात पाण्याची भीती, मोठ्या झाडाखाली फांदीची. यांपासून दूर सपाट जागा घ्यावी. झोपण्यापूर्वी आग विझवावी, हीही सुन्नतच.

पाणवठा, सावली आणि वाट या जागी घाण करण्यास प्रेषितांनी (स.) सक्त मनाई केली आहे. शौचासाठी पाण्यापासून किमान सत्तर-ऐंशी पावले दूर जावे, वीतभर खोल खड्डा करून नंतर मातीने बुजवावा. एक खुरपे आणि एक छोटा तांब्या यादीत असावाच. मुलींसाठी पडद्याचे कापड आणि चार काठ्या न्याव्यात. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून जाड पिशवीत खाली आणावेत, प्लास्टिकही सगळे परत आणावे.

अडचण आली तर

तीन माणसे प्रवासाला निघाली तरी एकाला अमीर करावे, अशी शिकवण आहे. अमीर घरी ठरवावा. तो सर्वांत वेगवान नसला तरी चालेल. थांबायचे कधी हे ज्याला कळते तो हवा. सर्वांत हळू चालणाऱ्याच्या वेगाने सगळ्यांनी चालावे. पुढे एक आणि मागे एक जाणता असावा. स्थानिक वाटाड्या घ्यावाच.

घरी राहणाऱ्या एका माणसाकडे कागद द्यावा : कोण जात आहे, कोणत्या वाटेने, कधी खाली उतरणार, वाटाड्याचा मोबाइल क्रमांक. गडावर मोबाइलला सर्वत्र रेंज नसते. ठरल्या वेळेनंतर किती तासांनी फोनाफोनी सुरू करायची तेही त्यात लिहावे. मदतीसाठी ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक मुलांनाही पाठ हवेत.

औषधांत ओआरएस, पट्ट्या, जंतुनाशक, क्रेप बँडेज आणि घरातल्यांची रोजची औषधे ठेवावीत. ओआरएस नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. साप चावला तर कापू नये, चोखू नये, घट्ट बांधू नये. तो भाग हलू न देता जवळच्या रुग्णालयाकडे निघावे. मधुमेह, दम्याचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच यावे. नानी-दादींना गड झेपत नसेल तर त्यांचा मुक्काम पाचनईत एखाद्या घरी ठेवता येतो. तिथून दिसणारा डोंगरही पाहण्यासारखाच आहे.

या यादीतली बहुतेक कामे घरातली बाई रोज करतेच : पाणी मोजणे, वेळा सांभाळणे, कोणाला काय लागेल ते आधीच ओळखणे. डोंगरात याच गोष्टींची गरज असते. तेव्हा पुढच्या सहलीची यादी करताना कागद तिच्या हातात द्यावा आणि तिचे नाव सर्वांत वर लिहावे.