पणजोबांच्या नोंदीविषयी

चि. मुक्ता,

कुलवृत्तांतासाठी तू लिहिलेली पणजोबांची नोंद वाचली. ‘बालपणीच पितृछत्र हरपले, माधुकरी मागून शिकले, कोणाचाही आधार नसताना स्वतःच्या पायावर उभे राहिले.’ जुने कुलवृत्तांत चाळलेस तर असं वाक्य पानोपानी भेटेल. माझी हरकत शेवटच्या तुकड्याला आहे. वार लावून जेवणारा मुलगा सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी पानावर बसायचा, आणि त्या घरची बाई मोजून रांधलेल्या भातातून त्याला वाढायची. तो पोरका खरा, पण निराधार कसा? गोपाळ कृष्ण गोखल्यांचंच बघ. 1879 साली वडील गेले तेव्हा ते तेरा वर्षांचे. रस्त्यावरच्या दिव्याखाली केलेला त्यांचा अभ्यास सगळ्यांना पाठ असतो. पण थोरल्या भावानं, गोविंदरावांनी, शिक्षण सोडून पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यातले आठ रुपये दरमहा गोपाळला धाडले. म्हणजे घर चालवायला उरले सात. पुढे कॉलेजची वेळ आली तेव्हा वहिनीनं अंगावरचे दागिने काढून दिले. दिव्याची गोष्ट उरली, गोविंदरावांचं अर्धवट शिक्षण मात्र चरित्रातल्या दोन ओळींत आटोपलं.

तू म्हणशील, यानं पणजोबांचं कर्तृत्व उणावतं. मला तसं वाटत नाही. एखादा वार सुटला की त्या दिवशी उपास, आणि परक्या उंबऱ्यावर ताटकळण्यातला कमीपणा. हे त्यांचं त्यांनीच सोसलं. पण नुसत्या जिद्दीवर भागत असतं तर त्याच गावातला कुणब्याचा किंवा महाराचा हुशार पोर का शिकला नाही? भूक तीच होती, पण वार लावायला घरं नव्हती. अशा पोरांसाठी चूल नव्यानं पेटवावी लागली: कोल्हापुरात 1901 पासून शाहू महाराजांची वसतिगृहं, साताऱ्यात 1924 साली भाऊराव पाटलांचं बोर्डिंग. त्या बोर्डिंगसाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं मंगळसूत्रसुद्धा गेलं.

पणजोबांना कोणाकोणाचा आधार होता याला इतक्या वर्षांनी पुरावा कुठून आणायचा, हा आक्षेप रास्त आहे. सगळा मिळणार नाहीच. तरी त्यांच्या भावांची नावं शाळेच्या जनरल रजिस्टरात शोध. कोणी कधी शाळा सोडली ते तिथं असतं. आणि थोरल्या बहिणीच्या नोंदीत तू फक्त सासरचं आडनाव दिलंयस. तिच्या लग्नाचं साल आणि पणजोबा शिकायला बाहेर पडल्याचं साल शेजारी मांडून बघ, मग नोंद पुन्हा लिही.

तुझा,
काका