राजुऱ्याहून दिसणारे चीनचे पथक

२०२२ पासून युक्रेनला गेलेल्या परदेशी स्वयंसेवकांविषयी वाचताना माझे लक्ष लढाईपेक्षा त्यांच्या वाटेकडे अधिक जाते. कोणाच्या घरी उतरले, कोणी जेवू घातले, पुढच्या गावी कोणाची ओळख दिली? परक्याच्या युद्धात स्वेच्छेने गेलेला माणूस मित्रांच्या आधारानेच पुढे सरकतो. आपल्याकडचा याचा मोठा दाखला म्हणजे १९३८ मध्ये चीनला गेलेले वैद्यकीय पथक.

जपानी आक्रमणाशी झुंजणारे सेनानी चू ते यांनी नेहरूंकडे मदत मागितली. काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी आवाहन केले, सुमारे २२,००० रुपये जमले आणि १ सप्टेंबर १९३८ रोजी पाच डॉक्टर मुंबईहून बोटीने निघाले. प्रमुख मदन अटल स्पेनच्या यादवी युद्धात रुग्णसेवा करून आलेले. बंगालचे बसू आणि मुखर्जी, सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस आणि पाचांत वयाने सर्वांत मोठे, नागपूरचे चोळकर.

त्याच महिन्यात निजाम सरकारने हैदराबाद स्टेट काँग्रेस बेकायदा ठरवली. आमचे राजुरा तेव्हा निजामाच्या आदिलाबाद जिल्ह्यात होते. वर्धा ओलांडली की बल्लारपूर, म्हणजे इंग्रजी मुलूख. पलीकडच्या तीरावर काँग्रेसच्या नावाने चीनसाठी वर्गणी मागता येत होती, अलीकडे ते नाव लावणारी संघटनाच गुन्हा ठरली होती. ‘परदेश’ हा शब्द मी तेव्हापासून जरा जपूनच वापरतो.

चुंगकिंगला पथकाला भेटले ते शांतिनिकेतनातले थान युन-शान. त्यांनी पाचही जणांना चिनी नावे दिली आणि प्रत्येक नावाच्या शेवटी ‘ह्वा’, म्हणजे चीन, हे अक्षर जोडले. कोटणीस झाले ख ती-ह्वा. वडील गेल्याची बातमी त्यांना तिथेच कळली. परतीची वाट मोकळी होती. ते येनानला गेले.

कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथून हे त्याच युद्धातले दुसरे परदेशी स्वयंसेवक. कोटणीस आघाडीवर पोहोचण्याआधीच, नोव्हेंबर १९३९ मध्ये, त्यांचा मृत्यू झाला. बेथून यांच्या समाधीच्या उद्‌घाटनाला कोटणिसांना परिचारिका क्वो छिंग-लान भेटल्या. १९४१ मध्ये दोघांचा विवाह झाला. त्याच वर्षी बेथून यांच्या नावाच्या रुग्णालयाची जबाबदारीही कोटणिसांकडे आली. ज्याला भेटणे राहून गेले त्याचेच काम त्यांनी पुढे चालवले. मुलाचे नाव ठेवले यिन-ह्वा: ‘यिन’ भारताचा, ‘ह्वा’ चीनचा. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, अपस्माराच्या झटक्याने ते गेले.

ख्वाजा अहमद अब्बास यांनी न परतलेल्या या एकावर पुस्तक लिहिले, शांतारामबापूंनी १९४६ मध्ये चित्रपट काढला आणि कोटणीस घरोघरी पोहोचले. ते योग्यच झाले. पण स्मृतीचा हा हिशेब मला खटकतो. चोळकर १९३९ मध्ये परतले, म्हणून विदर्भानेही त्यांना विसरावे? उतारवयात समुद्र ओलांडून बॉम्बवर्षावाखालच्या शहरांत रुग्ण तपासणे, हे परत आल्याने उणे होते काय? नागपूरजवळच्या आम्हा विद्यार्थ्यांना सोलापूरचे नाव पाठ असते, नागपूरचे नसते.

बसू १९४३ पर्यंत तिथे राहिले. पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस ते जुन्या मित्रांच्या देशात पुन्हा गेले, ॲक्युपंक्चर शिकले आणि कलकत्त्याला परतून त्या सुया रुग्णांवर वापरू लागले.