आमचा नवा कोच

घरांत क्रांति होण्यास सिंहासनेंच उलथावीं लागतात असें नाहीं. आमच्या घरांत ती एका कोचानें घडवून आणिली. तीन वर्षांपूर्वीं दिवाळीच्या पाडव्याला चौघां हमालांच्या खांद्यांवरून तो आमच्या बैठकीच्या खोलींत प्रविष्ट झाला, तेव्हां आम्हां सर्वांस मोठी धन्यता वाटली. रंग फिकट बदामी. बसावें तों आंत रुतावें. त्याच्या किंमतीचा उच्चार येथें करीत नाहीं. एका शाळामास्तरानें ती एकरकमी द्यावी अशी ती नव्हती, आणि म्हणून चोवीस हप्त्यांच्या कागदावर मीं सही केली, एवढेंच सांगतों.

कोच आला आणि चार दिवसांतच एक चमत्कार घडूं लागला. ज्या खोलींत आम्ही वीस वर्षें सुखानें नांदलों, ती एकाएकीं आम्हांस दरिद्री दिसूं लागली. भिंतींचा चुना पूर्वीं कधीं डोळ्यांत खुपला नव्हता. आतां तो कोचावर झडेल कीं काय, अशी धास्ती पडली. भिंती रंगविल्या. रंगलेल्या भिंतींपुढें जुने पडदे लाजले, तेही बदलले. वडिलांच्या वेळचें शिसवी टेबल, ज्यावर मीं मुलांचे हजारों निबंध तपासले, तें कोचाशेजारीं शोभत नाहीं म्हणून जिन्याखालीं गेलें. भुईवरची सतरंजी गुंडाळून कपाटामागें उभी राहिली. तिचीं पुसणीं करावयाचें ठरलें होतें. प्रत्येक जुनी वस्तु बाहेर पडतांना एक नवी आंत येई, आणि तिच्यामागून हप्त्यांचा एक नवा कागद येई.

हें खूळ आपणां एकट्यालाच लागलें असावें, असें वाटून मी मनांतल्या मनांत ओशाळलों होतों. परंतु पुढें वाचनांत आलें कीं, देनी दिदरो (१७१३–१७८४) या थोर फ्रेंच तत्त्ववेत्त्याचीही अशीच गत झाली होती. डॉ. केतकरांच्या महाराष्ट्रीय ज्ञानकोशापूर्वीं दीडशें वर्षें फ्रान्समध्यें जो प्रचंड ज्ञानकोश निघाला, त्याचा हा संपादक. त्याला कोणीं एक उंची, लाल झगा भेट दिला. झगा अंगावर येतांच त्याची साधी गवती विणीची खुर्ची, भिंतीवरची पुस्तकांची फळी, जुनें टेबल, सारें त्याला हिणकस दिसूं लागलें. एकामागून एक सर्व सामान बदललें, आणि शेवटीं आपल्या घरांत आपणच परके झालों आहों, असें त्याला कळून आलें. जुन्या झग्यानें तो पुस्तकांवरची धूळ झटकी, टांकाची शाई पुशी. नव्या झग्याला मात्र त्यालाच जपावें लागे. या दुःखावर त्यानें लिहिलेला निबंध १७७२ सालीं प्रसिद्ध झाला. ग्रँट मॅकक्रॅकन या कॅनडांतील मानववंशशास्त्रज्ञानें १९८८ सालच्या आपल्या ग्रंथांत या प्रकाराला दिदरोचेंच नांव दिलें आहे. एका नव्या वस्तूनें दुसरीची भूक उत्पन्न करावी, हा मनुष्यस्वभावाचा नियमच दिसतो. हें वाचून मला हंसूं आलें. पण तें फार दिवस टिकलें नाहीं.

त्याच वर्षीं पौष महिन्यांत एका शनिवारीं सायंकाळीं माझा एक बालमित्र दारांत येऊन उभा राहिला. पारनेर तालुक्यांत त्याची थोडी कोरडवाहू जमीन आहे. लहानपणीं आम्हां दोघांत मिळून एकच कंपासपेटी होती. एस. टी.नें धक्के खात तो आला होता. हातांत हुरड्याची पिशवी, आणि पायजम्याच्या कडांना शेतांतली माती. "ये, ये" असें मी तोंडानें म्हणालों खरा. परंतु माझी नजर त्याच्या पायांवरून निघून कोचावर जाऊन पोंचली. हें सारें एका निमिषांत झालें. तेवढें त्याला पुरलें. तो भिंतीशीं भुईवर बसला.

"भाऊजी, वर बसा ना," पत्नी म्हणाली.

"नको वहिनी, भुईचीच सवय बरी."

मग पावसाच्या गोष्टी निघाल्या, विहिरीच्या निघाल्या, शाळेंतल्या मास्तरांच्या निघाल्या. मध्यें दोनदां तो थांबला. "एक बोलायचं होतं तुझ्याशी," असें म्हणून त्यानें भिंतींकडे पाहिलें, पडद्यांकडे पाहिलें, आणि म्हणाला, "बरं चाललंय तुझं. बघून बरं वाटलं." आठच्या गाडीनें तो परत गेला. काय बोलावयाचें होतें, हें मीं विचारलें नाहीं.

वैशाखांत त्याच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आली. मी गेलों. मांडवांत एका बाजूस रुखवत मांडलें होतें. आमच्या लहानपणीं रुखवत म्हणजे लाडू, करंज्या, सांडगे, पापड, आणि वधूनें व तिच्या मैत्रिणींनीं विणलेलीं तोरणें. त्यांत मुलीच्या हातांची कला दिसे. बापाची ऐपत दिसत नसे. येथें एक शीतकपाट होतें, कपडे धुण्याचें यंत्र होतें, आणि हार घातलेली एक मोटारसायकल होती. हुंड्याला १९६१ सालच्या कायद्यानें बंदी आहे. म्हणून वरपक्ष कांहीं मागत नाहीं. 'तुमच्या मुलीला जें लागेल तें द्या,' एवढेंच तो म्हणतो. रुखवताभोंवतीं बायांची गर्दी होती. ज्यांच्या मुली पुढल्या वर्षीं उजवावयाच्या होत्या, त्या एकेक वस्तु मनांत मोजीत होत्या. त्यांच्या चेहऱ्यांवरची ती चिंता मला ओळखीची वाटली. आमच्या कोचानें जें माझ्या एका खोलींत केलें, तेंच हें रुखवत साऱ्या गांवांत करीत होतें.

पंक्तींत शेजारीं बसलेल्या एका वृद्ध गृहस्थानें सहज सांगितलें, "बैलजोडी विकली त्यानं. पौषात शहराकडं गेला होता उसने मागायला. तिथं कुणी त्याचा मित्र आहे. पण मित्राचीच ओढाताण चाललीय, असं म्हणाला."

माझ्या घशाखालीं घास उतरेना. मित्रानें माझी लाज राखिली होती, आणि ती राखतांना नकळत तो खरें तेंच बोलला होता! कारण त्या रात्रीं त्यानें पैसे मागितले असते, तर मीं काय दिलें असतें? पगारांतून हप्ते वजा जातां महिनाअखेरची तोंडमिळवणीच कशीबशी होत होती. कोचानें एकाच वेळीं दोन कामें केलीं होतीं. त्याचें तोंड बंद केलें आणि माझा हात बांधला. बाहेरून पाहणाराला मी सुखवस्तु दिसत होतों. आणि ज्या संकटांत मित्रानें मित्राच्या उपयोगीं पडावें, त्या संकटांत मी निष्कांचन होतों.

वस्तूंचा मला तिटकारा आहे, असें कोणीं समजूं नये. शीतकपाटांत दूध नासत नाहीं. कपडे धुण्याच्या यंत्रानें त्या मुलीच्या हातांचे कष्ट वांचतील, आणि ते वांचावेत. वैराग्याचा उपदेश करण्याचा अधिकारही मला नाहीं. परंतु वस्तु माणसाची सेवा सोडून त्याची पायरी ठरवूं लागली, कोणीं वर बसावें आणि कोणीं भुईवर बसावें, कोणाची मुलगी ताठ मानेनें नांदावी आणि कोणाची नाहीं, हें जर तीच सांगूं लागली, तर घरांत मालक कोण राहिला? दारिद्र्यानें माणसें एकमेकांपासून दुरावतात हें आपण नेहमीं ऐकतों. सुबत्तेच्या देखाव्यानेंही तीं दुरावतात, आणि तें दुरावणें इतकें सभ्य असतें कीं, एक शब्दही वांकडा बोलला जात नाहीं.

दिदरोनें साऱ्या जुन्या सामानापैकीं एक साधा गालिचा मुद्दाम ठेविला होता. त्यावर पाऊल पडलें म्हणजे पूर्वस्थितीची आठवण राहावी, हा हेतु. लग्नाहून परत आल्यावर मीं कपाटामागची सतरंजी काढली, झटकली आणि कोचापुढें अंथरली. ती तेथें मुळींच शोभत नाहीं. सायंकाळीं आम्ही सर्व तिच्यावरच बसतों.

हप्ते फिटले. त्यानंतर दोनदां मी मित्राच्या गांवीं जाऊन आलों. त्यानें ओसरीवर घोंगडी अंथरली आणि माझ्या धुळकट बुटांकडे पाहिलेंही नाहीं. गोठ्यांत दावण रिकामी होती. मागचें कांहीं बोलण्याचें मीं योजिलें होतें. पण त्यानें चहा मागविला आणि कंपासपेटीची गोष्ट काढली. निघतांना मीं म्हटलें, "हुरड्याच्या दिवसांत ये." तो म्हणाला, "येतो की." त्या पौषानंतर दोन हुरडे होऊन गेले. सतरंजी अंथरलेलीच आहे. तो अद्याप आलेला नाहीं.